पाहुण्यांनी दगड उचलू नयेत

डेन्मार्क नावाचा देश नेमका कुठे आहे हे घाटकोपरच्या रामेश्वरवाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथली दोन माणसं आपल्या टेकडीवर पायऱ्या बांधायला स्वतःच्या खर्चाने येताहेत म्हटल्यावर तिकडे दगड मिळत नसावेत, यावर वाडीचं एकमत झालं.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. रामेश्वरवाडी म्हणजे टेकडीच्या अंगावर जमेल तशी चढत गेलेली घरं. माणसं बहुतेक देवगडकडची, गिरण्यांत आयुष्य काढलेली. संपानंतर कोणी वॉचमन झाला, कोणी विम्याचा एजंट, कोणी नुसताच मंडळाचा अध्यक्ष. नळ खाली रस्त्यावर, घरं वर आणि मधे मुरमाची घसरण. सगळ्यात वर नलिनीबाईंची बालवाडी. पावसाळ्यात बालवाडी सुटली की मुलं चालत घरी जात नसत, बसून जात. गेल्या वर्षी मधल्या घरातली शेवंती भरल्या हंड्यासकट वरून खाली आली ती हात मोडूनच. तेव्हापासून आयांनी नलिनीबाईंना बजावलं होतं, की पायऱ्या होत नाहीत तोवर पावसात पोरं पाठवणार नाही. मुलंच आली नाहीत तर बालवाडी बंद. म्हणजे जूनच्या आत पायऱ्या, नाहीतर सगळंच आटोपलं.

दगड होते. कुठल्याशा निवडणुकीच्या आधी कोणीतरी टेकडीच्या पायथ्याशी दोन ट्रक दगड ओतून गेलं होतं. निवडणूक झाली, दगड राहिले. त्यांच्यावर कपडे वाळत, माणसं विड्या ओढत बसत आणि एका दगडाला तर शेंदूर लागून मंगळवारी नारळ फुटायला लागला होता. मंडळ रिकामं बसलेलं नव्हतं. दर रविवारी बैठक होई. पायऱ्या सरळ न्यायच्या की वळणाने, हा प्रश्न तेवढा सुटत नव्हता.

शेवटी नलिनीबाईंनी मंडळाचा नाद सोडला आणि परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका संस्थेला गाठलं. संस्थेने सिमेंट दिलं आणि तीन आठवड्यांसाठी दोन माणसं कबूल केली. बाईंनी ही बातमी बैठकीत सांगितली, तेव्हा अध्यक्ष बळवंतराव खुर्चीतून उठलेच. बळवंतराव बाईंशी पुस्तकी बोलत. रागावले की मालवणीवर येत.

"पावण्यांनी दगड उचलूचे आणि आम्ही बघूचा? अहो बाई, आमच्याकडे पावणो आपला ताटसुद्धा उचलणा नाय!"

"अहो, पण ते कामालाच येताहेत."

"लग्नघरात सगळेच म्हणतात, आम्ही कामाला आलोय. म्हणून त्यांच्याकडून काय भांडी घासून घेतो आपण?"

ठराव झाला. पाहुण्यांना रोज मुंबई दाखवायला न्यायचं आणि ते परत यायच्या आत दगड आपण लावायचे. इतकी वर्षं न झालेलं काम केवळ लाजेपोटी पाच मिनिटांत मंजूर झालं. पायऱ्या सरळ की वळणाने, हे विचारायचंही कोणाला सुचलं नाही.

पाहुणे आले. मुलगी बिर्गिट, खाकी विजार घातलेली आणि कामाची भुकेली. मुलगा यान, ताडासारखा उंच आणि नुसताच भुकेला. पायथ्याशी हार झाले, नारळ झाले, बळवंतरावांचं भाषण झालं. भाषण चालू असतानाच बिर्गिटने घमेलं उचललं. बळवंतरावांची बायको मंजुळा एका उडीत तिच्यापाशी पोचली आणि तिने ते हिसकावून घेतलं.

"अगो बाय माझे, आजच इलंस, जरा टेक तरी!"

बिर्गिट टेकली. चहा झाला. चहानंतर तिने फावड्याकडे पाहिलं, तर फावडं घेऊन कोणीतरी पळालं. दुपारी वडे-सागोती झाली. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसेल, अशी यानची समजूत होती आणि अजून वाढलं नाही तर तो आपला उद्धटपणा, अशी मंजुळेची. चार दिवसांत यान आडवा झाला तो बळवंतरावांच्या खाटेवरच, ताक पीत. पुढचा सगळा भारतदौरा त्याने तिथूनच केला. मंजुळा मात्र समाधानी होती. "ह्यो खरो पावणो," ती म्हणायची. "गुमान निजान तरी ऱ्हवता."

बिर्गिटला फिरवायची जबाबदारी नंदूवर आली. तो विम्याचा एजंट. त्याच्याकडे वेळ होता, चपला मजबूत होत्या आणि इंग्रजीही होतं, फक्त ते सगळं धंद्यातलं. गेटवे, घारापुरी, हँगिंग गार्डन ही मुंबई पहिल्या काही दिवसांत झाली. मग त्याने उपनगरं काढली. पवईच्या तलावाकाठी उभं राहून तो म्हणाला, "धिस पवई लेक. इनसाइड क्रोकोडाइल. विदाउट पॉलिसी, नो स्विमिंग." कान्हेरीच्या लेण्यांत त्याने माहिती दिली, "ओल्ड मंक्स. ऑल एक्स्पायर्ड. नो नॉमिनी."

खारदांड्याला बिर्गिट खूश झाली. दांड्यांवर बोंबील वाळत होते, कोळणी पटापट हात चालवत होत्या. इथे तरी काम मिळेल म्हणून ती एकीच्या शेजारी उकिडवी बसली आणि बोंबील उचलला. त्या कमळ नावाच्या कोळणीने बोंबील तिच्या हातातून काढून घेतला, टोपली पालथी घालून तिला वर बसवलं, पदराने वारा घातला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

"सेम प्रॉब्लेम," नंदू म्हणाला.

इकडे वाडीत रोज सकाळी नंदू-बिर्गिटची बस वळणाआड गेली रे गेली, की बळवंतराव शर्ट काढून खुंटीला लावत आणि माणसं दगडांवर तुटून पडत. लवू गवंडी वर थापी घेऊन बसे, बाकीचे दगड पोचवत. संध्याकाळी बस यायच्या वेळी सगळे हातपाय धुऊन, भांग पाडून, कट्ट्यावर गप्पा मारत बसलेले. बिर्गिट पाही, तर सकाळपेक्षा पायऱ्या वाढलेल्या.

"हे कोणी केलं?" ती विचारी.

"झालं आपलं असंच," बळवंतराव लाजून म्हणत आणि नलिनीबाई ते इंग्रजीत कसं सांगावं, या विचारात पडत.

बाई मनातून खूश होत्या. पायऱ्या शेवंतीच्या दारापर्यंत आल्या, मग पिंपळापर्यंत, मग पिंपळाच्याही वर. आणि एके संध्याकाळी नंदू बालवाडीत येऊन छोट्या खुर्चीवर मटकन बसला.

"बाई, वाट लागली. मुंबई संपली."

"अशी कशी संपेल? पिंपळाच्या वरचा बराच चढ राहिलाय अजून. ट्रॉम्बे दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणजे लांबून भिंत दाखवली. आत अणू आहे म्हटलं. फोटो काढायला बंदी."

"मुलुंड?"

"चेकनाका दाखवला. तासभर ट्रक बघितले."

"अंधेरी?"

"तिथं माझी मेव्हणी राहते. साबुदाण्याची खिचडी."

"मग बोरिवलीला ने परत."

"बोरिवलीला धाकटी मेव्हणी. तिथंही खिचडीच झाली. बाई, काल ती मला बसमध्ये म्हणाली, नंदू, व्हाय यू आर हायडिंग मी? मी तरी काय सांगू यार? शेवटी तिला एक पॉलिसी समजावून सांगितली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिर्गिटने संप केला. गिरण्यांतल्या माणसांना संप नवा नव्हता, पण काम मिळावं म्हणून केलेला संप त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ती बॅग अडकवून निघालीच नाही. पायथ्याच्या एका दगडावर बसली आणि नलिनीबाईंना स्वच्छ शब्दांत म्हणाली, "परवा माझं विमान आहे. मी तलाव पाहिला, लेणी पाहिली, अणूची भिंत पाहिली. माझ्या तळहाताला एक फोड नाही. घरी विचारतील, काय केलंस? खिचडी खाल्ली म्हणून सांगू? आज मी इथून हलणार नाही."

बिर्गिट हलणार नाही म्हणजे काम होणार नाही. पाहुणी समोर बसलेली असताना तिच्यादेखत घाम गाळणं म्हणजे 'बघ, तू बसलीयेस आणि आम्ही राबतोय' असं तोंडावर सांगणं. ते वाडीला शोभलं नसतं. बळवंतरावांनी शर्टाची बटणं लावली. खुर्च्या आल्या. दहा-बारा धट्टीकट्टी माणसं पाहुणीभोवती गोल करून बसली आणि तिच्याकडे बघून हसू लागली. तीही हसली. असं सगळे अकरा वाजेपर्यंत हसत होते. पायरी एकही वाढली नाही. परवा पाहुणे गेले, की ही सगळी लाजही त्यांच्याबरोबर विमानात बसणार आणि रविवारपासून पुन्हा 'सरळ की वळणाने' सुरू होणार, हे बाईंना लख्ख दिसत होतं.

मंजुळेने तिसऱ्यांदा चहा पाठवला. बळवंतराव ट्रे घेऊन पुढे आले, आणि बिर्गिट कपाला हात लावायचा सोडून वाकली आणि जवळचा दगड दोन्ही हातांनी उचलून उभी राहिली.

"ओ बाय! ठेवा ता!" बळवंतराव ओरडले. त्यांनी ट्रे नंदूच्या हातात कोंबला आणि झडप घालून तिचा दगड काढून घेतला.

आता दगड त्यांच्या हातात होता. खाली ठेवावा, तर अध्यक्षांना झेपला नाही असं दिसणार. वाडी बघत होती, मंजुळा खिडकीतून बघत होती. बळवंतराव तसेच निघाले आणि इस्त्रीच्या शर्टातच दगड घेऊन पिंपळाच्या वर पोचले. लवू गवंडी थापी टाकून पिंपळाच्या पारावर बसला होता. दगड समोर आल्यावर सवयीने उठला.

तोवर बिर्गिटने दुसरा उचलला होता.

"अरे, बघताय काय मेल्यांनो? घ्या तो!" वरून बळवंतराव ओरडले.

नंदूने ट्रे खाली ठेवून तो घेतला. तिसऱ्या दगडाला तिचा हात लागतोय न लागतोय तोच दोघे धावले. चौथा तिने उगाच चाचपला. तोही वर गेला.

नलिनीबाईंना बालवाडीची सवय. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या खेळण्याला एकाचा हात लागला, की बाकीची सगळी त्यावरच कशी तुटून पडतात, हे त्या रोज पाहत होत्या. त्या हळूच बिर्गिटच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तो बघ, डावीकडचा मोठा. तो पायरीला चांगला आहे."

बिर्गिटने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्या धावणाऱ्या माणसांकडे. पोरगी हुशार. तिने डावीकडच्या मोठ्याला हात घातला.

मग जे झालं ते रामेश्वरवाडीत आधी कधी झालं नव्हतं. ती दगड वीतभर उचले आणि कोणीतरी बोंब मारत येऊन तो घेऊन जाई. जेवणाची वेळ टळली. शर्ट निघाले. शिव्यांना ऊत आला. पाहुणीला त्या कळत नाहीत म्हणून जरा मोकळेपणानेच. एकदा तिची बोटं शेंदराच्या दगडाकडे वळली, तेव्हा मात्र बाया ओरडल्या आणि तेवढा एक दगड सुटला. खाटेवरून यान दाराशी आला, हे दृश्य बघून मदतीला निघाला, तर मंजुळेने त्याला दंडाला धरून परत निजवला.

सूर्य कलला तेव्हा पायऱ्या बालवाडीच्या उंबऱ्याला भिडायला एकच पायरी उरली होती, आणि वाडीतला एकही पुरुष उभा नव्हता. जो तो जिथे पोचला होता तिथेच पायरीवर बसला होता. बिर्गिट सगळ्यांना ओलांडत वर आली आणि उरलेल्या दगडांकडे वाकली.

बळवंतरावांनी हात जोडले. "बाई, तिला सांगा, पुरे आता. हात लावू नको म्हणावं. आम्ही मेलो."

नलिनीबाई बिर्गिटकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "अध्यक्ष म्हणताहेत, ही शेवटची पायरी तुम्हीच बसवावी, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

बिर्गिटच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती गुडघ्यांवर बसली. लवूने मुकाट्याने थापी तिच्या हाती दिली. तिने माल पसरला, दगड ठेवला, ठोकला, पुन्हा ठोकला. पाहुणी राबतेय आणि यजमान बसलेत, हे बघवत नव्हतं म्हणून खालच्या पायऱ्यांवरची सगळी माणसं माना वळवून रेल्वे लाइनकडे बघत होती. तिच्याकडे बघितलं असतं तर उठायला लागलं असतं.

पाहुणे गेले. बिर्गिट तळहातावरचा फोड सगळ्यांना दाखवून गेली, यान दोन किलोंनी वाढून गेला. आठवड्याने लवू थापी घेऊन वर आला. "शेवटची पायरी एका बाजूक कलली हा," तो बळवंतरावांना म्हणाला. "पाच मिनिटांचा काम. सरळ करतंय."

बळवंतराव लाल झाले. "हात लावू नको तिका! पावण्यांनी केलेल्या कामात चूक काढूची, ही खंयची रीत?"

पावसाळाभर बालवाडी एक दिवस बंद राहिली नाही. मुलं रोज खालून पळत येत, आणि दाराशी त्या कललेल्या पायरीपाशी आली की पाय जरा उंच टाकत.