मैदानाबाहेरचा बन्सीधर

पूर्ण्यात बन्सीधरच्या अंगावर बॉल घेऊन जायची कुणाची छाती व्हायची नाही. रेल्वेत खलाशी, अंगानं ठेंगणा. क्लबच्या फुटबॉल टीममध्ये मधल्या फळीत खेळायचा, आणि आडवा आला की समोरच्याचा बॉल तरी जायचा नाहीतर गडी तरी. भीमनगरातून क्लबात घेतलेला तो एकटाच. सामना संपला की बाकीचे गडी क्लबचे अध्यक्ष असलेल्या मन्मथअप्पांच्या ओसरीवर चहाला बसायचे. बन्सीधरला कुणी या म्हणायचं नाही, तोही थांबायचा नाही.

नांदेडच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. चालशील, पण पळू नको, असं डॉक्टर म्हणाले. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बन्सीधर लंगडत अप्पांच्या कापडदुकानात गेला.

"अप्पा, खेळणं सरलं. आता पोरांना शिकवतो."

"ये की," अप्पा कापड मोजायचा गज न थांबवता म्हणाले. "चुन्याच्या रेघा मारायला, बॉलात हवा भरायला माणूस लागतोच."

"रेघा न्हाई. शिकवतो म्हणलो."

अप्पांनी गज खाली ठेवला. "आरं, तू आमच्या पोरांवर वरडणार, त्यांला पळायला लावणार. दिवस कसे हायत, तूच इचार कर."

"तुमच्या टीमसाठी गुडघा फोडून घेतला, तवा दिवस बरे हुते का?"

अप्पांनी पुन्हा गज उचलला. बन्सीधर पायऱ्या उतरला.

"टीम काढायलोय," त्यानं घरी सांगितलं.

"गुडघा वाकंना अन् टीम काढायलाय!" बायको सरजाबाई कडाडली. पण दोन दिवसांनी तिनंच जुनं निळं लुगडं फाडून पोरांच्या दंडाला बांधायच्या पट्ट्या केल्या.

रेल्वे यार्डामागच्या पडीक जागेतल्या बाभळी तोडून मैदान झालं. भीमनगरची पोरं आली. चुडाव्याहून रंगनाथ नावाचा शेतकऱ्याचा पोरगा पॅसेंजरनं यायला लागला. भीमनगरच्या पोरांत खेळतो म्हणून बापानं त्याला दोनदा बदडलं, तरी तो आला.

शिकवणं मात्र बन्सीधरला जमेना. जे त्याच्या पायांना ठाऊक होतं, ते तोंडातून निघत नव्हतं. "आसं न्हाई रे, आसं!" करत तो एकदा स्वतःच बॉलवर धावला आणि तोंडावर आपटला. पोरं हसली. त्या संध्याकाळी तो बराच वेळ यार्डात बसून राहिला. आपण बॉल काढायचो म्हणजे नक्की काय करायचो, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच आठवून पाहिलं.

"समोरच्याच्या पायाकडं बघू नका," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "त्याच्या कंबरंकडं बघा. पायानं फसवील तो, कंबरंनं न्हाई फसवता येत."

उन्हाळ्यात त्यानं क्लबाला सामना लावला. अप्पांना तो नको होता, पण क्लबाची पोरं ईरेला पेटली. अर्धं पूर्णा बघायला लोटलं. पहिल्याच झपाट्यात क्लबानं दोन गोल मारले. मग त्यांच्या एका गड्यानं रंगनाथला पाडलं, वर "नामांतर पायजे व्हय रे तुला?" म्हणून नडगीवर लाथ घातली. रेफ्रीनं दुसरीकडं पाहिलं.

बन्सीधरचा पाय रेघेच्या आत पडला. जन्मभर त्यानं अशा गड्याचं जे केलं होतं, ते त्याच्या दोन्ही मुठींत आलं. मोठ्या कष्टानं त्यानं पाय मागं घेतला.

"रंगनाथ! ऊठ! मारू नको त्याला, बॉल काढून घे!"

रंगनाथ उठला. शेवटपर्यंत त्या गड्याला त्यानं बॉल घेऊन पुढं जाऊ दिलं नाही. निळ्या पट्टीवाल्यांनी एक गोल फेडला, दुसरा दांडीला लागून परतला. सामना हरले, पण शेवटच्या घटकेत क्लबाची पोरं नुसती बॉल बाहेर मारत वेळ काढत होती, ते सगळ्या गावानं पाहिलं.

मन्मथअप्पा गर्दीतून वाट काढत आले.

"बन्सीधर, उद्यापासून क्लबात ये. शिकव पोरांना. मी सांगतो सगळ्यांला."

"मला टीम हाय, अप्पा."

"आरं, पण आमची पोरं..."

"त्यांला शिकायचं आसल तर यार्डामागं धाडा. सकाळी सहाला. उशीर केला तर लय पळवतो, मग कुणाचा का पोरगा असंना."

एवढं बोलून तो रंगनाथची नडगी बघायला खाली बसला.