सहावा कामून

पंचशीलानं मूठ उघडली आणि अंगणातल्या साठ-सत्तर माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला. पिवळ्या ओल्या फडक्यावर तिची पाचही बोटं उमटली होती. लालभडक.

"रगत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"रगत न्हाई, बाधा हाय ही," हळदअप्पा सावकाश म्हणाला. "हळद म्हंजे गुरूची जीभ. चौदा हातांवर पिवळी ऱ्हाईली, एका हातावर लाल झाली. आता सांगा, गुरूची जीभ खोटं बोलती व्हय? नोडरी, नोडरी, डोळे भरून बगा!"

माणसं डोळे भरून बघत होती. काहींनी हात जोडले. पंचशीला स्वतःच्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

सीमेवरच्या दुबलगुंडी गावातला हा बायकांचा उडदाच्या पापडांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, अंगण आणि वाळवणाची गच्ची. चौदा बायका काम करतात. इंदिराबाई त्यांच्या अध्यक्ष, सगळ्या त्यांना अक्का म्हणतात. मी गुंडेराव, निवृत्त मास्तर. त्यांची पत्रं लिहून देतो, विचारलं तर सल्ला देतो. दर शुक्रवारी टेंपो येतो आणि पापड लातूरला जातात. गेल्या पाच आठवड्यांपासून तिथून पुडे परत येऊ लागले होते. पापडांवर हिरवट बुरशी. दुकानदारानं निरोप धाडला होता, आणखी दोन वेळा असा माल आला तर तुमचं नाव यादीतून काढून टाकीन.

मग कुणीतरी या हळदअप्पाला बोलावलं. गाणगापूरच्या संगमावर बारा वर्षं तप केलं, असं तो सांगत असे. तिथं त्याला कुणी ओळखतं का, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. गुरुवारी सकाळी तो आला, हळदीच्या पाण्यात बुडवलेले फडके काढले आणि पहिली अट सांगितली. "कुणीबी हात धुवायचं न्हाई. धुतलं की बाधा लपती."

बायका नुकत्याच घरून आल्या होत्या. पंचशीला मात्र रोज तासभर आधी येते. पीठ भिजवायचं, मळायचं काम तिचं. तिला आतून बोलावून आणलं, तेव्हा कोपरापर्यंत तिचे हात ओलेच होते. बायकांबरोबर त्यानं मलाही फडका दिला. माझा पिवळाच राहिला. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

"पीठ मळणारा हातच बाधित," हळदअप्पा म्हणाला. "आयतवारी विधी करू. एकवीस लिंबं, पोतंभर उडीद, गुरूला वस्त्र. अन् तो हात पुन्हा पिठात पडू देऊ नका. कुणाच्या हातचं कुणी खावं, ह्याला काय रीत हाय का न्हाई?"

शेवटचं वाक्य त्यानं हळूच टाकलं, पण ते जिथं पोचायचं तिथं पोचलं. पंचशीलाचं घर आजोबांच्या काळापासून बौद्ध. सहा वर्षं ती पीठ मळत होती, तिच्या हातचे पापड सगळ्या गावानं सणावाराला तळले होते. आता दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"अक्का, तुमी तर बोला," पंचशीला म्हणाली.

इंदिराबाई खाली बघत म्हणाल्या, "थोडे दिवस घरी ऱ्हा, बाई. लोकांच्या तोंडाला कोण लागंल?"

ती माझ्याकडे वळली. "गुर्जी?"

मी चष्मा पुसत राहिलो. ती फाटकातून बाहेर गेली. तिच्या हातावरची हळद अजून लालच होती.

त्या दुपारी मी शिवकन्याला फोन करून सारं सांगितलं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, पंचशीलाच्याच वर्गातली. आता नौबादला एका औषधांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते, म्हणजे गोळी चुकीची का झाली ते शोधून काढायचं. लहानपणी तिला एक खोड होती. कशालाही "कामून?" "पाऊस तिरका कामून पडतो, गुर्जी?" मी चिडायचो. उत्तर द्यायचं सोडून तिची भाषाच सुधारायचो. "कामून नाही, का म्हणायचं!" एकदा तर तिला पाटीवर शंभर वेळा 'का' लिहायला लावलं होतं.

रविवारी ती सकाळच्या बसनं आली. अंगणात विधीची मांडामांड झाली होती. गुरुवारपेक्षा गर्दी जास्त. शिवकन्या सरळ हळदअप्पासमोर जाऊन बसली.

"अप्पा, माझी बी परीक्षा घ्या."

त्यानं फडका दिला. तिनं मूठ दाबली, उघडली. पिवळा.

"निर्मळ पोरगी!" हळदअप्पानं जाहीर केलं.

ती उठली, रांजणापाशी गेली, कपड्याच्या साबणानं खसाखसा हात चोळले, वरवर पाणी घेतलं आणि परत आली. "आता अजून एकदा."

"धुतलेल्या हाताला चालत न्हाई."

"कामून?"

"सांगितलं की. बाधा लपती."

"लपू द्या. लपली तर फडका पिवळाच ऱ्हाईल, तुमचं काय जायलंय?"

लोक हसले. हसणाऱ्या लोकांपुढं बाबाला नाही म्हणता येत नाही. तिनं फडका दाबला. मूठ उघडली तर लाल.

मग भिंतीला टेकून बसलेली म्हातारी नागव्वा म्हणाली, "त्यात काय नवल हाय? हळदीचा डाग साबणानं लालच व्हतोय. लग्नातली हळदीची लुगडी आमी जल्मभर धुतली की."

"व्हय की गं!" दुसरी म्हणाली. "मी बी बगितलंय."

"मग आजी," शिवकन्यानं विचारलं, "गुरुवारी पंचशीलाच्या हाताला साबण होता?"

"साबण कुठला? ती तर पीठ भिजवायलती."

"पिठात काय घालती ती?"

"मीठ, हिंग, मिरी..." बायका मोजू लागल्या. शेवटी इंदिराबाईंच्या तोंडून शब्द निघाला. "खार." त्या एकदम उभ्या राहिल्या. "पापडखार! पाण्यात इरघळवून हातानं कालवती ती. आमी कुणी अजून पिठाला हातबी लावला नव्हता."

शिवकन्यानं आतून खाराचं पाणी आणलं. इंदिराबाईंनी त्यात हात बुडवला आणि फडका दाबला. लाल. मग नागव्वानं. लाल. मग रांगच लागली. अंगणभर लाल हात.

"आता तुमचा हात द्या, अप्पा."

हळदअप्पानं दोन्ही हात शालीत ओढले. "आज माजा उपास हाय."

"उपास तोंडाला असतोय, अप्पा, हाताला न्हाई!" नागव्वा म्हणाली, आणि अंगणात हशा पिकला.

शिवकन्यानं त्याच्याच ताटातलं एक लिंबू कापलं आणि लाल फडक्यावर पिळलं. डोळ्यांदेखत लाल डाग पिवळा झाला. "हा झाला तुमचा विधी. साबण, चुना, खार लागला की हळद लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. एकवीस कशाला, अर्ध्या लिंबात बाधा उतरली."

हळदअप्पा निघाला. जाताना उडदाचं पोतं उचलायला बघत होता, ते बायकांनी उचलू दिलं नाही.

शिवकन्या माझ्याजवळ आली. लोकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "गुर्जी, हळदीचा कागद अन् चुन्याची निवळी. सातवीला हा धडा तुम्हीच शिकवला होता आम्हाला. मला अन् पंचशीलाला एका बाकावर. गुरुवारी तुम्ही गप्प कामून होतात?"

आठवलं नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण आठवलं होतं. फडका लाल झाला त्याच क्षणी आठवलं होतं. भरल्या अंगणात उभं राहून बोलायची हिंमत झाली नाही, आणि माझा फडका पिवळा होता. तिला उत्तर द्यायचं मी टाळलं, तिनंही पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात इंदिराबाई पुढं आल्या. "बाबा खोटा निघाला, बरं झालं. पण पोरी, बुरशी तर खरी हाय ना? ती कामून येती?"

शिवकन्या हसली. "आता बरोबर विचारलंत, अक्का."

परत आलेले पुडे तिनं मागवले. प्रत्येकावर पापड लाटल्याची तारीख असते. भिंतीवर खडूनं सहा वारांचे सहा रकाने आखले आणि मला म्हणाली, "गुर्जी, मी तारीख सांगते, तुम्ही वार बघून रेघ मारा." मी एकेक रेघ मारत गेलो. सेहेचाळीस पुडे. सोमवारी दोन, मंगळवारी एक. गुरुवारच्या रकान्यात रेघांना जागा पुरेना. अडतीस.

"गुरुवार!" कुणीतरी हात जोडले. "दत्ताचा वार! बाबात कायतरी होतंच बगा."

"पंचशीला पीठ रोज मळते," शिवकन्या शांतपणे म्हणाली. "दोष हाताचा असता तर सहाही रकाने सारखे भरले असते. गुरुवारी वेगळं काय होतंय तेवढं शोधू. आमच्या कंपनीत एक रीत आहे, चूक सापडली की पाच वेळा 'का' विचारायचं. परदेशातून आलीय म्हणतात. मला मात्र ती इथंच शिकवली होती, शंभर वेळा लिहून घेऊन." तिनं माझ्याकडे बघितलं. "अन् अजून एक नियम आहे. उत्तरात कुणाचं नाव घ्यायचं न्हाई. कामाच्या रीतीत काय चुकलं तेच सांगायचं. बुरशी कामून?"

"पापड ओला ऱ्हायला आसंल," नागव्वा म्हणाली.

"ओला कामून?"

"गुरुवारचा पापड शुक्रवारी दिवसभर उन्हात पडतोय, तवा वाळतोय. आता ऊन मिळायच्या आधीच भरायलाव."

"आधी कामून?"

"टेंपो पयले चारला यायचा. आता दीड-दोन महिने झाले, अकरालाच येऊन हॉर्न वाजवायलाय."

"मग बुधवारचे वाळलेले पापड होते की. ते आधी कामून भरले न्हाईत?"

पुडे भरणारी सौम्या म्हणाली, "ओली ताटं अन् वाळलेली ताटं एकाच कोपऱ्यात, एकावर एक. वरचं ताट हाताला लागतंय, तेच भरताव. घाईत हात लावून कोण बगतंय?"

वरचं ताट म्हणजे सगळ्यांत शेवटी ठेवलेलं. म्हणजे सगळ्यांत ओलं.

"एकाच कोपऱ्यात कामून?"

दुसऱ्या कोपऱ्यात उडदाची पोती रचली होती. पूर्वी तिथं वाळलेल्या पापडांची वेगळी मांडणी होती. ती काढून पोती तिथं ठेवा, जागा वाचेल, असं एका माणसानं सुचवलं होतं. सगळ्यांना तो माणूस माहीत होता. नाव घ्यायचं नाही हा नियम म्हणून सगळ्या गप्प होत्या.

"ती पोती मी तिथं ठेवायला सांगितली होती," मी म्हणालो.

कुणी ओरडलं नाही. कुणी माझ्या हातावर फडका ठेवला नाही. "जाऊ द्या, गुर्जी, तुमाला काय ठाव," असं म्हणून दोघींनी पोती हलवायला सुरुवातही केली. तासाभरात दोन मांडण्या उभ्या राहिल्या. लाल दोरीची ओल्या ताटांना, हिरव्या दोरीची वाळलेल्यांना. आधी आलेलं ताट आधी निघणार. शिवकन्यानं पाचही प्रश्न उत्तरांसह भिंतीवर खडूनं लिहिले. टेंपोची वेळ दारावर लिहिली, म्हणजे ती बदलली तर सगळ्यांना दिसेल.

मग आम्ही सगळे पंचशीलाच्या घरी गेलो. इंदिराबाईंनी तिला सारं सांगितलं. हळद, खार, लिंबू, टेंपो, ताटं, मी ठेवायला लावलेली पोती. शेवटी म्हणाल्या, "चुकलं आमचं. उद्यापासून ये, बाई."

पंचशीलानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या अंगणात तिची ओढणी धुऊन वाळत घातली होती, तीन दिवसांपूर्वी हात पुसल्याचा लाल डाग तिच्यावरून गेला नव्हता.

"पापडाला पाच वेळा विचारलंत, कामून," ती म्हणाली. "माझ्याबद्दल एकदा तरी विचारायचं होतं. गुर्जींच्या चुकीला कुणी बाधा म्हणलं न्हाई. माझा हात लाल झाला अन् ते सगळ्यांना लगेच पटलं. सहा वर्षं माझ्या हातचं खाऊन पटलं. ते कामून, अक्का?"

इंदिराबाईंना उत्तर येत होतं. मलाही येत होतं. तिथल्या प्रत्येकाला येत होतं. म्हणूनच कुणी दिलं नाही.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी पीठ इंदिराबाईंनी मळलं. खारानं त्यांच्या हाताची साल निघाली. बुधवारी दुपारी त्या एकट्याच तिच्या घरी गेल्या. तिथं दोघी काय बोलल्या, मला ठाऊक नाही. गुरुवारी पंचशीला तासभर आधी कामावर आली. पीठ भिजवण्याआधी तिनं खडू घेतला आणि भिंतीवरच्या आमच्या पाच प्रश्नोत्तरांखाली सहावा प्रश्न लिहिला, 'माझा हात लाल झाला अन् ते सगळ्यांना लगेच पटलं, कामून?' उत्तराची जागा मोकळी सोडली.

त्या आठवड्यापासून लातूरहून पुडे परत आलेले नाहीत. भिंतीवरची ती जागा अजून मोकळीच आहे. शाळेतली मुलं येता-जाता वाचतात आणि मला विचारतात, "गुर्जी, ह्याचं उत्तर काय?"

मुलांनो, मी तुम्हाला एवढंच सांगतो. फडका लाल झाला की हात जोडू नका, कामून म्हणून विचारा. परीक्षा घेणारा हात धुऊ देत नसेल, तर आधी हात धुवा. काम बिघडलं तर माणूस शोधू नका, रीत शोधा. पण एखाद्यावरचा आरोप तुम्हाला फारच सहज पटला, तर थांबा आणि तो मला इतक्या सहज कामून पटला, हे स्वतःला विचारा. हळदीचं गुपित अर्ध्या लिंबात उघडं पडतं. हे उत्तर मात्र भरल्या अंगणात उभं राहून, मोठ्यानं द्यावं लागतं. ते तिच्या अंगणात मी दिलं नाही, म्हणून आज लिहून देतो आहे. ती आमच्यातली नाही असं आमच्या मनात होतं, म्हणून पटलं.

उद्या शाळा सुटल्यावर खडू घेऊन जाईन आणि भिंतीवरही हेच लिहीन. तुम्ही या.