वाटीतलं मीठ

वजनकाट्यावर वाटी ठेवून गुंजननं मीठ ओतलं. आकडा पंचविसावर गेला. चिमटीनं थोडं परत काढलं, तेव्हा चोविसावर आला. पाच पानं, श्राद्धाचा स्वयंपाक, आणि चव घेऊन बघायची सोय नाही. देवापितरांना दाखवायच्या आधी काही म्हणून जिभेला लावायचं नाही, हा या घरचा नियम. नाशिकहून लग्न होऊन ती म्हैसूरला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तो तिला सांगण्यात आला होता. सासूबाई हाताच्या अंदाजानं मीठ घालत आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या म्हणे. गुंजनचा हात तसा नव्हता, म्हणून तिनं काटा आणला.

शेगडीवर मुगाचं वरण शिजत होतं. कारली चिरून झाली होती, वड्यांचं पीठ वाटून झालं होतं. वाटीतलं मीठ आता तीन भांड्यांत वाटायचं, एवढंच राहिलं होतं.

सासूबाई, म्हणजे वेदवतीबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या होत्या. वर्ष झालं, त्या उंबरा ओलांडून आत येत नव्हत्या.

"आचार किती वाजता येतात ग?" श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजींना या घरी आचार म्हणत.

"अकराला, आई. सोसल्याहून निघाले म्हणून फोन आला होता."

"हं." मग थोड्या वेळानं, "आज काय हाय ग पण? कशाला येतायत ते?"

गुंजन वळून बघतच राहिली.

"बाबांचं वर्षश्राद्ध ना आज!"

"अय्यो रामा! हौदु की, खरंच की." वेदवतीबाईंनी कपाळावर हात मारला. "सुम्ने, उगीच विचारलं बघ. डोकं हलकं झालंय माझं."

गेल्या चैत्रात सासरेही असेच एका सकाळी पलंगावर उठून बसले होते आणि विचारू लागले होते, आज शाळेला सुट्टी काय म्हणून. एच. डी. कोट्याच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती.

सासऱ्यांचं, जयतीर्थ मास्तरांचं, हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, उताणं झोपलं की दम लागायचा. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आणि सांगितलं, दिवसाचं मीठ एक लहान चमचा, तोही सपाट. लोणचं, पापड, सांडगी मिरची बंद. गुंजननं ते मनावर घेतलं, आणि गुंजननं एखादी गोष्ट मनावर घेतली की मग बघायला नको! तिनं फ्रिजवर तक्ता चिकटवला. रोज सकाळी मास्तरांचं वजन, रोज पायाची सूज, रोजचं मीठ ग्रॅममध्ये. वेदवतीबाईंच्या हाताला माप नाही म्हणून स्वयंपाकघर तिनं आपल्याकडे घेतलं. तरी सूज म्हणावी तशी उतरेना. मग तिनं मीठ निम्मं केलं, आणि तरी उतरेना म्हणून बंदच केलं. अडाणीपणानं नव्हे. जीव लावून केलं, आणि तेच तिला आता सहन होत नव्हतं.

सूज का उतरत नाही ते एका दुपारी कळलं. वेदवतीबाईंच्या पदराला गाठ होती. धुवायला लुगडं टाकताना गुंजननं ती सोडली, तर आत कागदाची पुडी आणि पुडीत मीठ. जेवताना मास्तरांच्या दहीभाताच्या कडेला त्या रोज हळूच चिमूटभर सोडायच्या. मास्तर तो भात तेवढा संपवायचे.

"तुम्हीच माराल त्यांना, आई!" गुंजन तेव्हा ओरडली होती. घरात आवाज चढवायची तिची ती पहिलीच वेळ.

वेदवतीबाईंनी पुडी मोरीत रिकामी केली आणि पुन्हा कधी बांधली नाही. सूज खरंच उतरली. गुंजननं तक्त्यावर हिरव्या पेननं तसं लिहिलंसुद्धा. सतराव्या दिवशी मास्तर पलंगावरून पडले.

दवाखान्यात संकर्षण, तिचा नवरा, औषधं आणायला खाली गेला होता. डॉक्टर कागद हातात घेऊन बाहेर आले आणि तिच्याशी कन्नडात बोलले. रक्तातलं सोडियम एकशे आठवर आलंय, निदान एकशे पस्तीस हवं. मी मीठ कमी करा म्हणालो होतो, बंद करा असं कुणी सांगितलं? वरून लघवीची गोळी, वरून हा उन्हाळा. आम्ही प्रयत्न करतोय, पण उशीर झालाय. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं आलं आणि घरानं तेच धरून ठेवलं.

तो रक्ततपासणीचा कागद गुंजनच्या कपाटात, तिच्या डिग्रीच्या सर्टिफिकेटांखाली होता. त्या सर्टिफिकेटांना ती वर्षभरात शिवली नव्हती. सासूबाईंची ती चिमूट चालू होती तोवर माणूस हिंडत-फिरत होता, हे तिला त्याच दिवशी उमगलं होतं. आणि तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, संकर्षणलाही नाही.

वेदवतीबाई मात्र बाराव्या दिवसापासून अळणी जेवत होत्या. विचारलं की म्हणायच्या, "मला काय करायचंय ग चवीला." रक्तदाबाची गोळी त्यांनाही चालू होती. त्यांच्या वाटणीचं वरण गुंजन रोज मीठ घालायच्या आधी बाजूला काढून ठेवायची. रोज तोंडाशी यायचं, आणि रोज ती गिळायची.

"गुंजन, ऐक." वेदवतीबाई पाटावरूनच म्हणाल्या. "आज पानं उठली की मी आचारांपुढं संकल्पाचं पाणी सोडते. जन्मभर अळणी."

"काहीतरीच काय, आई!"

"काहीतरी नव्हे. नवऱ्याला मी माझ्या हातानं मीठ घालून मारलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. ह्याला प्रायश्चित्त नको?" त्यांचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "ह्या हातानं पुन्हा चूल शिवणार नाही, मीठ खाणार नाही. संपलं."

"तुम्हाला चक्कर येते. काल मोरीत पडता पडता वाचलात."

"येऊ दे की. त्यांनाही आलीच होती."

गुंजननं तोंड उघडलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, संकर्षणनं ओलेत्यानंच दार उघडलं आणि सोसल्याचे आचार दुसऱ्या एका ब्राह्मणाला घेऊन आत आले. मग पाय धुवायला पाणी, दर्भ, तीळ, हे आण, ते आण. कारली परतायची राहिली होती, वडे तळायचे होते. गुंजनचे हात चालत होते, पण लक्ष कशातच नव्हतं. संकर्षण दोनदा आत येऊन "झालं का?" विचारून गेला. दोन्ही वेळा ती "झालं" म्हणाली.

पानं मांडली. आचार आणि दुसरे ब्राह्मण पितरांच्या जागी बसले. श्राद्धाच्या पानावर मीठ वेगळं वाढत नाहीत. जेवणारे जेवणाला नावं ठेवत नाहीत आणि वाखाणतही नाहीत. दोघं खाली मान घालून जेवले. वरणभात कालवताना आचारांचा हात एकदा थांबला, त्यांनी गुंजनकडे पाहिलं, आणि मग सगळं पान स्वच्छ केलं.

हात धुऊन ते निघायला लागले तेव्हा वेदवतीबाई पुढं झाल्या.

"आचार, एक संकल्प सोडायचाय मला."

आचारांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "आधी तुमचं जेवण होऊ दे, बाई. मी बाहेर जगलीच्या कट्ट्यावर बसतो. घाई नाही."

घरची तीन पानं मांडली. वाढून झाल्यावर गुंजनही बसली. संकर्षणनं पहिला घास घेतला, थांबला, भाजी खाऊन पाहिली, वड्याचा तुकडा मोडला.

"गुंजन, मीठ घातलं नाहीस? कशातच नाही!"

तिनं ओट्याकडे पाहिलं. काट्यावर वाटी होती. वाटीत मीठ होतं, सकाळी ओतलं तसं, चोवीस ग्रॅम.

वेदवतीबाईंनी आपल्या पानातला घास तोंडात घातला. त्यांना काही वेगळं लागायचं कारणच नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघता बघता वेडावाकडा झाला आणि त्या हुंदके द्यायला लागल्या. वर्षभरात रडल्या नव्हत्या तेवढं रडल्या.

"आजही अळणीच जेवून गेले की रे ते! पंधरा-सतरा दिवस तसेच जेवले, काही म्हटलं नाही. आणि आजही तेच वाढलं आपण!"

"अम्मा, असू दे ग, चूक होते," संकर्षण म्हणाला.

गुंजन उठली. खरकट्या हातानंच कपाटाकडे गेली, कागद काढला आणि नवऱ्याच्या पानाशेजारी ठेवला. मग ओट्यावरची वाटी आणून सासूबाईंसमोर ठेवली.

"आई, ते तुमच्या मिठानं गेले नाहीत. मीठ बंद केल्यानं गेले. मी बंद केलं त्यानं. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी लपवलं." तिनं वाटी आणखी पुढं सरकवली. "तुम्हालाही तेच होतंय. उद्या रक्त तपासून घेऊ. तो संकल्प नका करू, पाया पडते तुमच्या."

संकर्षणनं कागद वाचला. उलटून पाहिला, पाठीमागं काहीच नव्हतं. त्यानं तो घडी घालून जमिनीवर ठेवला आणि बायकोकडे वर पाहिलं नाही. बाहेर जगलीवर आचारांचा अडकित्ता वाजत होता.

वेदवतीबाईंनी वाटीतल्या मिठाकडे पाहिलं.

"मी चिमूट घालत होते, तोवर बरे होते?"

"होते."

"मग तुझं ऐकून मी बंद केलं नसतं तर?"

गुंजनला पुष्कळ सांगता आलं असतं. हृदय थकलेलंच होतं, वय झालं होतं, असं डॉक्टरही म्हणाले असते. वर्षभर ती स्वतःला तेच सांगत आली होती.

"तर असते, आई. बहुतेक असते."

वेदवतीबाईंनी मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांची नजर ठिकाणावर आल्यासारखी वाटली, आणि गुंजनला त्या नजरेकडे बघवेना. वर्षभर त्या मीठ घातल्याचा दोष वागवत होत्या. आता घालायचं थांबवल्याचा वागवणार होत्या.

"वेदवतीबाई," बाहेरून आचारांनी विचारलं, "संकल्पाचं कसं करू या?"

"नको, आचार. राहू दे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमची बस चुकेल."

मग डाव्या हातानं वाटी ओढली. न बघता, न मोजता एक चिमूट उचलली आणि मुलाच्या भातावर सोडली. दुसरी आपल्या भातावर. कालवून घास घेतला, चावला, कष्टानं गिळला. दुसरा घास घेतला.

"तो काटा काढून ठेव," त्या पानाकडे बघत म्हणाल्या. "उद्यापासनं स्वयंपाक मी करते."

"बरं, आई."

वाटी त्यांनी आपल्या पलीकडे ठेवून दिली, गुंजनचा हात पोचणार नाही अशी. गुंजननं ती मागितली नाही. समोरचा भात कालवला आणि तसाच खायला लागली.