मीरासाहेबच्या पायातला रॉड

रॉड बोलतोय. स्लॅबमधला नव्हे, पायातला. "त्याच्या पायात रॉड टाकलाय" असं तुम्ही नात्यागोत्यात कुणाबद्दल तरी ऐकलं असेलच, तोच मी. दीड वीत लांब, करंगळीएवढा जाड.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका, जन्मापासून ज्याच्याकडे सगळे संशयानंच बघत आले, तो भोळा कसा राहणार?

एका शेडमध्ये स्टीलच्या लांब कांबीतून मला कापलं, घासलं, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी भोकं पाडली. एकानं भिंगातून बघून नाक मुरडलं. मग दुसऱ्यानं मुरडलं. पास झालो तरी शाबासकी नाही, सरळ पिशवीत घालून सीलबंद. जसा काही मी पळूनच जाणार होतो!

माझं काम मात्र तिथंच कळलं. मी नुसता टेकू. हाड जुळेपर्यंत माणसाचं वजन पेलायचं आणि मग ते हाडाच्या हवाली करायचं. हाड जुळलंच नाही आणि माणूस तसाच नाचत राहिला, तर मीही एक दिवस थकतो. स्टीलचा असलो म्हणून काय झालं?

मला मिळाला मीरासाहेब. उदगीरकडचा माणूस, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून प्रेस मशीनवर कामाला. पुनावळ्यात भाड्याची खोली, घरात बायको सुरय्या. घरी दोघं दखनी उर्दूत बोलतात, मी आपला तुम्हाला मराठीत सांगतोय. शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकलवरून घरी येताना वळणाऱ्या कंटेनरनं त्याला रस्त्याकडेला फेकलं. नडगी मोडून हाड कातड्याबाहेर आलं. अॅम्ब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात आणलं, डॉक्टरांनी जखम धुतली, पिशवी फाडली आणि हातोडीनं ठोकून मला त्याच्या हाडात बसवलं. इतक्या नाजूक हातांची डॉक्टर मंडळी आत इतकी ठोकाठोक करत असतील, असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टर तनुजा आल्या. हातात टॅब, आवाज मऊ.

"अपघातानंतर ऑपरेशन झालेली माणसं पुढं खरंच बरी होतात का, याचा आम्ही अभ्यास करतोय. अधूनमधून फोन करून तुमची चौकशी करू. चालेल ना?"

मीरासाहेबनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ऑपरेशन झालं ना ताई? मग बरा झालो की नाही, ते तुम्हाला कशाला पाहिजे?"

"त्यातूनच कळेल की आमचं कुठं चुकतंय."

"डॉक्टर लोक आपलं चुकलेलं शोधायला फोन करतात?" तो हसला. खरं सांगतो, मलाही ते पटलं नव्हतं. तरी त्यानं 'हो' म्हटलं, कारण वॉर्डात पडलेला माणूस डॉक्टरला 'नको' म्हणत नाही.

घरी आल्यावर घरमालक नानासाहेब भेटायला आले. पुनावळ्याचे जुने शेतकरी. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत. फोनची गोष्ट ऐकून ते सावरून बसले.

"मीरासाहेब, येक ध्यानात ठिवा. फोनवर कोन लई गोड बोलाया लागलं, की समजायचं, आपलं काय तरी न्यायचं हाय. माझी जमीन अशीच गेली. येजंट रोज इचारायचा, तब्येत कशी हाय, पोरं कशी हायेत. आमी म्हनलं, काय देवमाणूस हाय राव! झालं, सही करून बसलो."

"पण माझ्याकडं जमीन कुठाय?" मीरासाहेब म्हणाला.

"जमीन न्हाई. नोकरी हाय न्हवं?"

त्या वाक्यानं मीरासाहेबच्या पायाचे स्नायू कसे आवळले, ते मला आतून कळलं.

ठेकेदारानं जागा धरून ठेवली होती, पण किती दिवस धरणार? हाड जुळायच्या आधीच मीरासाहेब कामावर हजर झाला. प्रेसवर बसून काम होत नाही. अख्खी शिफ्ट तो उभा, म्हणजे मी उभा. हाडाची दोन्ही टोकं माझ्या अंगावर हलत होती, जुळायचं नाव नव्हतं. दवाखान्यानं एक्स-रेला बोलावलं होतं, तोही त्यानं टाळला. म्हणे, एक्स-रे काढला की पाय बरा नसल्याचा पुरावा तयार होतो!

आणि मग गेटवरची ती भानगड झाली. कंपनीतून सुटताना वॉचमन अंग तपासतात, कुणी पितळेचा बुश, तांब्याची तार खिशातून नेऊ नये म्हणून. वॉचमनचं यंत्र नडगीपाशी आलं आणि बोंबलायला लागलं.

"काय लपवलंस रे मोज्यात?"

"काही नाही भाऊ, पायात रॉड आहे."

"कुठल्या मशीनचा?"

मागची लाइन खो खो हसली. बिचाऱ्यानं सगळ्यांदेखत पँट गुडघ्यापर्यंत सरकवून व्रण दाखवला. जन्मात कधी चोरी न केलेला माणूस माझ्यामुळे चोर ठरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचाच सोबती शाहरुख मागून पुढं आला. त्याच्या मांडीतही असाच एक रॉड आहे, तोही अपघातातलाच, त्याच दवाखान्यात बसवलेला.

"साहेब, आम्ही दोघं लोखंडी माणसं आहोत. सवय करून घ्या," तो वॉचमनला म्हणाला. पण गोष्ट सुपरवायझरपर्यंत गेलीच. दुसऱ्या दिवशी त्यानं मीरासाहेबला बाजूला घेतलं. "पायात रॉड आहे म्हणे? उभं राहणं झेपतंय ना? नसेल झेपत तर सांग, दुसरा माणूस बघू."

चहाच्या सुट्टीत शाहरुखनं त्याला शिकवलं. "भावा, आता फोन येतील. नाव दवाखान्याचं, कान कंपनीचे. आपल्या लाइनवरच्या एकानं फोनवर सांगितलं, कंबर दुखते. दुसऱ्या हप्त्यात त्याचा गेटपास बंद! मलाही दवाखान्याच्या नावानं फोन येतात. मी आपलं एकच सांगतो, एकदम कडक."

"मांडी दुखत नाही तुझी?"

"तू पण फोनवरचा झालास का आता?" शाहरुख म्हणाला आणि कप फेकून उठला. उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला, ते मीरासाहेबनं बघितलं.

नेमका त्याच आठवड्यात डॉक्टर तनुजांचा फोन आला. मीरासाहेब खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता, सुरय्या सुजेवर मीठ-पाण्याचा शेक देत होती.

"पायावर वजन देता येतं का?"

"देतो की!"

"जिने चढता?"

"पळत चढतो."

"दुखतं का?"

"अजिबात नाही, ताई. पाय मोडला होता हेच विसरलोय."

सुरय्यानं हातातलं फडकं पाण्यात आपटलं. "दवाखान्याची बाई विचारतेय, तिच्याशी कसलं खोटं?"

"दवाखान्याची कशावरून?" तो म्हणाला. "परवा सुपरवायझर विचारतो, आज ही विचारते. तुला काय वाटतं, आभाळातून पडले फोन?"

मी आतून ओरडत होतो, अरे, मी वाकायला लागलोय! पण स्टीलची ओरड कुणाला ऐकू येते? असेच आणखी दोन फोन झाले. दोन्ही वेळा मीरासाहेब फोनवर पळत जिने चढला आणि फोन ठेवल्यावर भिंत धरून मोरीपर्यंत गेला.

एका रविवारी दार वाजलं. दारात डॉक्टर तनुजा, एकट्याच, हेल्मेट हातात. न कळवता आल्या होत्या. मीरासाहेबचा चेहरा खर्रकन उतरला. आता तर कंपनीचे लोक घरापर्यंत आले!

"तुम्ही एक्स-रेला आला नाहीत, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? चाकणला कामाला असलेले तुम्ही सगळेच फोनवर इतके ठणठणीत असता, की मला संशय यायला लागलाय. हाड इतक्या लवकर कुणाचंच जुळत नाही."

"आमचं जुळतं," मीरासाहेब म्हणाला.

"रात्री झोपत नाहीत हे," सुरय्या मध्येच बोलली. "सूज तर बघा जरा."

"तू आत जा!" तो ओरडला. आणि मग त्यानं ते केलं. खाटेवरून उठला, कुणाचा हात न धरता खोलीच्या मधोमध आला. "बघायचंय ना तुम्हाला? बघा. आणि जाऊन सांगा, मीरासाहेबला काही झालेलं नाही."

"कुणाला सांगू?" डॉक्टर तनुजा गोंधळल्या. "अहो, थांबा, पायावर जोर देऊ नका!"

पण तो उठाबशा काढायला लागला. पहिली निघाली. घाम फुटला, तरी दात आवळून हसत होता. दुसऱ्या उठाबशीला तो खाली गेला आणि वर येताना त्याचं सगळं वजन माझ्या कमरेत आलं. मी जितकं धरवलं तितकं धरलं हो, शपथ घेऊन सांगतो. मग मी मोडलो. आवाज तिघांनीही ऐकला. सुरय्याची किंकाळी शेजारच्या खोल्यांपर्यंत गेली.

पुन्हा तेच ऑपरेशन थिएटर. माझे दोन तुकडे काढले, त्याच्या कमरेचं थोडं हाड घेऊन नडगीत भरलं आणि माझ्यापेक्षा जाडजूड रॉड बसवला. पाय वाचला. नोकरी मात्र गेली. ठेकेदारानं दुसऱ्याच दिवशी प्रेसवर नवा माणूस उभा केला. आता मी प्लास्टिकच्या डबीत, वॉर्डात मीरासाहेबच्या खाटेशेजारच्या स्टुलावर पडून आहे. "माझ्यातून निघालेलं आहे, मलाच द्या," असं म्हणून त्यानं मला मागून घेतलं.

काल डॉक्टर तनुजा आल्या आणि खाटेपाशी बसल्या. या वेळी आधी त्यानंच विचारलं.

"मी सांगितलेलं कुठं जातं?"

"आमच्या अभ्यासात. तुमचं नाव काढून टाकतो."

"कंपनीत नाही जात?"

"तुमची कंपनी कुठली, हेही मला ठाऊक नाही हो. तुम्ही बरे आहात म्हटलंत, आम्ही बरे लिहिलं. असे सगळेच बरे निघाले, तर आम्हाला वाटणार, इथं सगळं छान चाललंय. मग पुढच्या माणसालाही लवकर उभं करणार आणि असाच घरी पाठवणार."

मीरासाहेबनं माझी डबी बाजूला सरकवली आणि म्हणाला, "विचारा."

"दुखतं का?"

"लई दुखतं, ताई. पहिल्यापासूनच दुखत होतं." आणि तो रडला. सुरय्यानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं खरी दिली.

डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "आमच्या शाहरुखच्या मांडीतही रॉड आहे. लंगडतोय तो. तुम्ही फोन केलात तर खोटंच सांगणार. थांबा, मी लावतो."

फोन लागला. मीरासाहेबनं सगळं सांगितलं. ती बाई कंपनीची नाही, एक्स-रे काढून घे, खरं बोल. पलीकडं शाहरुखनं सगळं ऐकून घेतलं.

"तू खरं बोललास आणि तुझी जागा गेली. आता मला बोलायला लावतोस?"

"खरं बोललो म्हणून नाही गेली रे. खोटं बोललो म्हणून गेली!"

"मीरासाहेब, एक सांग. हे तुला कुणी बोलायला लावलं? ती बाई शेजारी बसलीय का आत्ता?"

मीरासाहेबनं डॉक्टर तनुजांकडं बघितलं. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! इतके दिवस त्याला दुसरं काय जमत होतं?

"हो," तो म्हणाला. "बसलीय."

फोन कटला.

त्यानं पुन्हा लावला. शाहरुखनं उचलला नाही. तो आत्ताही लावतोच आहे. मी मोडका तुकडा, माझं काय उरलंय? पण त्या मांडीतला रॉडही माझ्यासारखाच आहे, तोही जितकं धरवेल तितकंच धरणार. शाहरुख, बाबा, आमच्यावर नको ठेवूस विश्वास, पण तेवढा फोन उचल.