गाडीवरचा आवाज

भाजीवाल्याने तराजू हवेतच धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“थांबा साहेब, बाई बोलतायत.”

मसुदेकार हातात टोमॅटो घेऊन थांबला. नगरपालिकेची गाडी कोपऱ्यावरून संथ येत होती आणि छतावरच्या भोंग्यातून त्याचंच लिखाण ऐकू येत होतं. ‘उद्या पाणी उशिरा येईल. आजच थोडं भरून ठेवा. जास्त नको, शेजाऱ्यालाही लागेल.’ शेजाऱ्याच्या त्या वाक्यासाठी त्याने अख्खी दुपार घालवली होती.

“किती मायेनं सांगतात!” भाजीवाला म्हणाला. “नाहीतर सरकारी काम म्हणजे नुसतं ‘नागरिकांनी नोंद घ्यावी’.”

“लिहून देतं कुणीतरी.”

“लिहायला काय लागतं? सांगता आलं पाहिजे.”

मसुदेकाराने टोमॅटो परत ढिगात ठेवला.

माहिती विभागाचा निधी आटत चालला होता. आधी वर्तमानपत्रातल्या जाहिराती गेल्या, मग पत्रकांची छपाई गेली. उरली ती एक जुनी गाडी. निवेदक नेमायला पैसे नव्हते, म्हणून ऑफिसात टेलिफोन घेणाऱ्या बाईंना गाडीत बसवावं ही कल्पनाही मसुदेकाराचीच. तेव्हापासून मेहनत त्याच्या नावे आणि कौतुक बाईंच्या खाती, असा व्यवहार सुरू होता. शाळेतली मुलं बाईंना हात करत. एका आजींनी त्यांना लोकरीचे मोजे विणून दिले. मसुदेकाराला मोज्यांची काही गरज नव्हती, पण ते मोजे त्याच्या डोक्यातून जाता जाईनात.

घरीही तेच. गाडी आली की त्याची बायको मिक्सर बंद करून खिडकीशी जायची. त्याच्या बोलण्यासाठी तिने मिक्सर कधी बंद केला नव्हता.

म्हणून विभागाच्या मोठ्या मॅडमनी पुढच्या कपातीचा विषय काढला, तेव्हा त्याने घसा साफ केला.

“बाई गाडीत गेल्या की टेलिफोनवर बदली माणूस ठेवावा लागतो. तो खर्च वाचेल. लिहितो मी, तर वाचेनही मीच.”

“जमेल तुम्हाला?”

“त्यात न जमण्यासारखं काय आहे?”

मॅडमना वरून रोज फोन येत होते. त्यांनी हिशेब जुळतोय एवढंच पाहिलं आणि मान हलवली.

बाईंनी माइक त्याच्या हवाली केला. तोंड वाकडं नाही, टोमणा नाही. “सांभाळून सर,” त्या म्हणाल्या. “शाळेमागच्या गल्लीत एक कुत्रं गाडीच्या मागे लागतं.” त्या चिडल्या असत्या तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या मोठ्या नळात गटाराचं पाणी मिसळलं. प्रयोगशाळेचा निरोप आला तोवर सकाळचं पाणी येऊन गेलं होतं आणि घरोघरी भरून झालं होतं. मसुदेकाराने उभ्या उभ्या मजकूर लिहिला आणि माइक घेऊन पहिल्यांदाच गाडीत उडी मारली.

‘आज सकाळी भरलेलं पाणी पिऊ नका. ओतून द्या. टँकरचं पाणी तुमच्या दारात येतंय.’ मजकुरात एक शब्द जास्त नव्हता. आवाजही खणखणीत लावला होता. पण खिडक्या उघडेनात. रस्त्यावरची माणसं गाडीला वाट द्यायला बाजूला होत आणि पुन्हा बोलण्यात गुंतत. भाजीवाला त्याच्यादेखत पालेभाजीवर पाणी शिंपडत होता.

त्याने घरी फोन लावला.

“पाणी ओतलंस ना?”

“कसलं पाणी?”

“अगं, आत्ता गाडी गेली आपल्या खालून!”

“ती होय? मला वाटलं भंगारवाला. कुणीतरी बाप्या ओरडत होता. महत्त्वाचं असतं तर बाई नसत्या का बोलल्या?” मग आवाज लांब गेला. “थांब गं, देते पाणी.”

“कुणाला देतेस?”

“धाकटीला. तापून आलीय उन्हातनं.”

“तिचा पेला ओत! आधी ओत!”

त्याने फोन ठेवला आणि माइक बंद केला. ड्रायव्हरने न विचारताच गाडी ऑफिसकडे वळवली.

बाई दोन्ही कानांना दोन फोन लावून बसल्या होत्या. “हो, खरंच आहे. हो, आमचीच गाडी. नाही हो, भंगारवाला नाही.” समोर तो उभा दिसला तसे त्यांनी दोन्ही फोन खाली केले.

“लोक माझं ऐकत नाहीत,” मसुदेकार म्हणाला. एवढ्या वर्षांत मसुदा न करता काढलेलं हे त्याचं पहिलंच वाक्य असावं.

“माझी तर टेलिफोनवर बदली झालीय ना सर?”

“चला बाई.”

मोठ्या मॅडम स्वतः येऊन फोनपाशी बसल्या.

गाडीत बाईंनी कागद एकदा मनातल्या मनात वाचला, एकही शब्द बदलला नाही आणि माइक तोंडाशी धरला. पहिल्याच वाक्याला खिडक्या उघडल्या. दुसऱ्याला मोरीच्या पाइपांतून धो धो पाणी वाहू लागलं. भाजीवाल्याने बादली उचलून गटारात पालथी केली आणि दोन्ही हात जोडले. गाडीला नाही, बाईंना.

स्वतःच्या घराखाली आल्यावर मसुदेकार सीटवर खाली सरकला.

“बाई, बरं झालं आलात!” वरून त्याच्या बायकोचा आवाज आला. “मघाशी आमच्या ह्यांचा फोन आला होता. पोरीचा पेला तेवढा ओतला. हंडा तसाच ठेवलाय, म्हटलं आधी खात्री करून घ्यावी!”

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “साहेब, वहिनी.”

“ऐकू येतंय मला.”

बाईंनी माइकवर तळहात ठेवला. “सांगू त्यांना? मजकूर कुणाचा आहे ते? त्यांना काय, सगळ्या गल्लीलाच सांगते.”

वर खिडकीत धाकटी आईच्या कडेवर येऊन बसली होती आणि गाडीकडे बघून हात हलवत होती. गल्लीतली बाकीची माणसंही खिडक्यांतून वाकून बाईंच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. पलीकडच्या वस्तीत अजून गाडी पोचायची होती.

“पुढे घे,” मसुदेकार ड्रायव्हरला म्हणाला.

भोंग्याच्या आवाजाचं बटण त्याच्या बाजूला होतं. ते त्याने मोठ्या आवाजाकडे शेवटपर्यंत फिरवलं.