कोबा अजून ओला आहे

प्रमोद मस्कतला गेला तेव्हा शिल्पा पहिलीत होती. आता ती कॉलेजात जात होती. मधल्या काळात विद्यानगरात घर झालं, घराला लागून गॅरेज झालं. गाडी मात्र नव्हती, आणि चालवणाराही. पावसाळ्यात रंजना तिथे कपडे वाळत घालायची.

त्या उन्हाळ्यात प्रमोद फोनवर म्हणाला, "दिवाळीला कायमचा येतो. आल्या आल्या गाडी घेऊ. आता पूर्वीसारखं नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागत नाही म्हणे. गॅरेजची जमीन तेवढी करून घे. आमच्या वर्कशॉपसारखी. तेल सांडलं तरी फडक्यानं पुसता आलं पाहिजे."

'कायमचा' हा शब्द रंजनाने कुणाला सांगितला नाही. गवंडी बोलावून तिने जुनी उखडलेली जमीन फोडली, नवा सिमेंटचा कोबा घालून घेतला आणि रंगासाठी हिमायतनगरच्या दुकानात गेली.

"साधा फ्लोअर पेंट नक्को लो, अम्मा," दुकानदार म्हणाला. "गरम टायर खडा रहा तो पापड के जैसा निकलता."

त्याने इपॉक्सी दाखवला. दोन डबे, लावायच्या वेळी एकत्र कालवायचे, मग ते दगडासारखं घट्ट बसतं. दारातून ऊन येत असेल तर रंग पिवळा पडू नये म्हणून वर आणखी एक हात पॉलियुरेथेनचा. पण कोबा आतून वाळल्याशिवाय लावला तर फोड येणार. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी उचलायचा. खाली थेंब दिसले तर थांबायचं.

प्रमोदला शुक्रवारी सुट्टी असे, दुपारी त्याचा फोन येई. ठीक ना? ठीक. शिल्पा? अभ्यास करतेय. तब्येत सांभाळ. मीटर पळतंय म्हणून घाई, आणि घाई नसती तरी पुढे काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत बोलणं झिजून एवढंच उरलं होतं.

त्या शुक्रवारी रंजनाने प्लास्टिकखाली थेंब असल्याचं सांगितलं, आणि प्रमोद बोलायलाच लागला. कोबा किती जाड घातला? खाली मुरूम नीट ठोकला होता का? पाण्याची टाकी कुठल्या बाजूला आहे? गॅरेजचं दार फोनच्या खोलीतच उघडत होतं. वायर ताणून रंजना उंबऱ्यात बसली.

"तळहात ठेवून बघ. थंड लागतं?"

"लागतं."

"कोपऱ्यात?"

ती उठून कोपऱ्यात गेली, हात टेकवला, परत आली. तोवर तो पलीकडे थांबून होता. लग्नानंतर त्याने तिला लुना शिकवली होती, तेव्हा असाच बोलायचा. रेस, ब्रेक, घाबरू नको, मी धरलंय. तो आवाज अजून आहे हे तिला माहीतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने मंगळवारीही फोन केला. पंखा लावून ठेव म्हणाला, खिडकी उघडी ठेव म्हणाला, आणि मध्येच स्वतःबद्दल सांगू लागला. वर्कशॉपच्या छताखाली किती तापतं, खोलीतला मल्याळी जोडीदार कसा घोरतो, ज्वारीची भाकरी खाऊन किती दिवस झाले. रंजना ऐकत राही.

गणपतीच्या सुमाराला एका सकाळी तिने प्लास्टिक उचललं. खाली कोरडं होतं. आठवड्याने पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा कोरडं.

"अजून ओल आहे," ती फोनवर म्हणाली.

तिने फोन ठेवल्यावर शिल्पाने विचारलं, "मम्मी, ड्राय तर आहे पूर्ण. मी स्वतः पाहिलं. पप्पांना असं का बोललीस?"

"पुन्हा एकदा बघू."

शिल्पाने आईकडे पाहिलं आणि ती कॉलेजची बॅग घेऊन निघून गेली. पुन्हा तिने विचारलं नाही.

दसऱ्यापर्यंत कोबा ओलाच राहिला. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी मात्र रंजनाच्याने राहवेना. दिवाळी तोंडावर आली होती, रंग वाळायला आठवडा हवा होता. "अहो, तिकीट काढलं का?" तिने विचारलं.



"रंजना, मी अजून दोन वर्षांच्या करारावर सही केली. ऑगस्टमध्येच." मग तो म्हणाला, "तुझा कोबा वाळला की सांगणार होतो. तू ओल आहे म्हणालीस की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं व्हायचं मला."

रंजना उंबऱ्यातच बसली होती.

"वाळलाय तो," ती म्हणाली. "गणपतीतच वाळला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता म्हणून."

 त्याने फोन ठेवला नाही. शेवटी तिनेच ठेवला, आणि चहाला आधण ठेवून पाणी आटेपर्यंत गॅसपाशीच उभी राहिली.

दिवाळीनंतर तिने रंग लावून घेतला. दुकानदार राखाडी दाखवत होता, तिने फिकट हिरवा घेतला. वरचा हातही दिला.

प्रमोद मे महिन्यात रजेवर आला. आल्या दिवशी गॅरेजात उकिडवा बसून त्याने जमिनीवरून हात फिरवला. "चांगलं काम झालंय," म्हणाला. गाडी घेतली नाही; तो गेल्यावर चालवणार कोण? बाहेर ऊन रणरणत असताना दुपारी तीच जागा गार लागे, म्हणून दोघं तिथे चहा घेऊन बसत. तो शांतपणे चहा पीत असे. केस बरेच पिकले होते.

"फोनवर किती बोलायचात," एकदा ती म्हणाली.

"इथं सगळं दिसतंच की तुला. सांगू काय?"

ती हसली. नवरा हाताच्या अंतरावर होता, आणि तिला मंगळवारच्या त्या आवाजाची आठवण येत होती. असं कसं, हे तिला कळत नव्हतं. तिने कपबशा बाजूला सरकवल्या आणि खांद्याला खांदा लागेल अशी त्याच्याजवळ सरकून बसली. त्याने मान वळवून पाहिलं, पण तो हलला नाही. शिल्पाने आतून हाक मारली तरी दोघं तशीच बसून राहिली.