दुसरी पाळी

समीक्षाने पितळी व्हॉल्व्ह टाकीतल्या पाण्यात बुडवला आणि हवेचा कॉक उघडला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गळती नव्हती. व्हॉल्व्ह पुसून ती दुसरा उचलणार, तोच कारखान्याचे मालक त्र्यंबकराव शेजारी येऊन उभे राहिले.

"सोमवारपासून दुसऱ्या पाळीवर शौनकला इनचार्ज करतोय. तुझ्या हाताखाली शिकलाय. राहिलेलं काय ते त्याला दाखव."

तिचा हात थांबला. "सर, माझं नाव होतं ना?"

"होतं की! पण परवा तुझ्या नवऱ्याला, ऋतुराजला फोन केला होता. तो म्हणाला, रात्री सुटून ती दिवा स्टेशनहून घरी एकटी कशी येणार, पोरगी लहान आहे. मलाही पटलं." आपण तिची काळजीच घेतली, असा त्यांचा चेहरा होता.

समीक्षाने पुढचा व्हॉल्व्ह पाण्यात धरला. कॉक उघडायचा मात्र राहून गेला.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा चाळीसमोर टँकर लागलेला. ऋतुराज पिंपात पाणी ओतत होता. मुलीला जेवू घालून त्याने तिची वेणीही घातली होती, वाकडीतिकडी.

"सरांचा फोन आलेला तुला?"

त्याने रिकामी कळशी खाली ठेवली. "तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाही. अगं, स्टेशनपासून तो रस्ता बघितलायस ना रात्रीचा?"

"रोज बघते. 'मी तिला घ्यायला जाईन', असं बोललास त्यांना?"

त्याने कळशी पुन्हा उचलली.

"ते सुचलंच नाही गं," तो म्हणाला. तो खरं बोलत होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला कारखान्यात पोहोचल्यावर ती टाकीकडे न जाता थेट केबिनमध्ये गेली.

"सर, शौनकचं लग्न झालंय. त्याच्या बायकोला फोन केलात?"

त्र्यंबकराव हसले. "तिला कशाला..." बाहेर लेथ सुरू झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला विचारा, सर."

"समीक्षा," ते जरा अडखळत म्हणाले, "दुसरी पाळी सांभाळशील का?"

'हो' तर ती घरापासून घोकत आली होती. पण आता तो अंधारा रस्ता आठवला, झोपेत आईला चाचपडणारा मुलीचा हात आठवला. ते सगळं खरंच होतं. फक्त त्याचा विचार तिच्या वतीने दुसऱ्यांनीच करून टाकला होता.

"विचार करून उद्या सांगते. तोवर शौनकला काही बोलू नका."

"बरं." ती दाराशी पोहोचली तसे ते म्हणाले, "घरी बोलून घेशील ना?"

"घेईन," समीक्षा म्हणाली. "पण ते मी बोलेन, सर. तुम्ही नाही."